अण्णांची पॉलिसी आणि बायांचा राग

महर्षी कर्व्यांचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? हिंगण्याची झोपडी, पुण्याहून पायी ये-जा करणारे अण्णा, विधवांचा आश्रम, महिला विद्यापीठ, १९५८ मध्ये वयाची शंभरी गाठल्यावर मिळालेलं भारतरत्न. शाळेच्या पुस्तकात एवढंच असतं. पण या सगळ्याच्या पोटात एक विम्याची पॉलिसी आहे आणि त्या पॉलिसीवरून कर्व्यांच्या घरात झालेली कुरबुर आहे. ती मात्र पुस्तकात येत नाही. मला विचाराल तर अण्णांचं आणि त्यांच्या पत्नीचं, म्हणजे बाया कर्व्यांचं, खरं मोठेपण समजून घ्यायचं असेल तर त्या पॉलिसीपासूनच सुरुवात करावी.

धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ चा, रत्नागिरी जिल्ह्यातल्या शेरवली गावचा, आजोळचा. घर दापोलीजवळच्या मुरुडला. घरची परिस्थिती जेमतेम. पण आई-वडील मानी, कोणापुढे हात पसरणार नाहीत. परीक्षा द्यायची म्हणून हा मुलगा सोबत्यांबरोबर मुरुडहून साताऱ्यापर्यंत पायी गेला, ऐन पावसाळ्यात, कुंभार्ली घाट चढून. आणि तिथे पोचल्यावर वयानं लहान दिसतो म्हणून परीक्षेला बसूच दिलं नाही! ही गोष्ट आपल्याकडे आया मुलांना सांगतात, चिकाटीचं उदाहरण म्हणून. मला त्यात आणखी एक दिसतं. ज्या माणसाला लहानपणापासून पैशाचा एकेक आणा मोजून वापरावा लागला, तोच पुढे पैसा हातातून सोडताना जराही कचरला नाही. हिशेबी माणूस आणि उधळा माणूस असे दोन प्रकार आपण करतो. अण्णा तिसऱ्याच प्रकारातले. हिशेब चोख ठेवायचा आणि शेवटी शिल्लक दुसऱ्याच्या पदरात टाकायची.

मॅट्रिक व्हायला त्यांना तेवीस वर्षं लागली. पुढे एल्फिन्स्टनमधून १८८४ मध्ये गणित घेऊन बी. ए. झाले. लग्न आधीच, त्या काळाच्या रीतीनं, पंधराव्या वर्षीच झालेलं. पत्नी राधाबाई. मुंबईत शाळेतली नोकरी आणि पहाटेपासून रात्रीपर्यंत शिकवण्या, असा संसार सुरू झाला. मिळकत वाईट नव्हती. पण तेव्हापासूनच स्वतःच्या कमाईतला ठराविक वाटा सार्वजनिक कामासाठी बाजूला काढायचा त्यांचा नियम होता. मुरुडच्या लोकांनी मिळून गावाच्या भल्यासाठी एक फंड उभारला होता, त्यात अण्णा पुढे. उत्पन्न वाढल्यावर दान करू असं त्यांनी कधी म्हटलं नाही. आहे त्यातूनच काढायचं. आपण मात्र मुलीचं लग्न होऊ दे, घराचं कर्ज फिटू दे, मग बघू, असं म्हणत म्हणत साठीला पोचतो!

१८९१ मध्ये राधाबाई गेल्या. मुलगा रघुनाथ तेव्हा नऊ वर्षांचा. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून अण्णा पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायला आले आणि डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. आजीव सदस्य म्हणजे काय, तर महिना ७५ रुपयांवर वीस वर्षं संस्थेला वाहून घ्यायचं. मुंबईतल्या शिकवण्यांच्या मानानं हा तोट्याचाच व्यवहार. पण त्या काळातल्या कितीतरी हुशार माणसांनी तो आनंदानं केला.

आता बायांकडे वळू. त्यांचं माहेरचं नाव गोदूबाई. देवरुखच्या जोशांची मुलगी. आठ-नऊ वर्षांची असताना लग्न झालं आणि काही महिन्यांतच नवरा गेला. नवरा म्हणजे कोण हे कळायच्या आत कपाळ पांढरं. पुढची कितीतरी वर्षं कोकणात सासरी राबण्यात गेली. शेण, भात कांडणं, पाणी, गुरं. मग भाऊ नरहरपंत तिला मुंबईला घेऊन आले. नरहरपंत अण्णांचे मित्र, एकाच बिऱ्हाडात राहणारे. १८८९ मध्ये पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं, तेव्हा तिथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी ही गोदूबाई. सदन पुण्याला हललं, तशी तीही पुण्याला आली.

अण्णांना दुसरं लग्न करायचं तर विधवेशीच, हे त्यांनी ठरवलेलं होतं. पस्तिशीच्या बिजवरानं बारा वर्षांची कुमारिका करून आणायची हा तेव्हाचा सर्रास प्रकार. तो त्यांना मान्य नव्हता. ११ मार्च १८९३ ला पुण्यात गोदूबाईंशी त्यांचं लग्न झालं. गोदूबाईची आनंदीबाई झाली. पुढे घरात आणि बाहेर सगळेच त्यांना बाया म्हणू लागले.

लग्नानंतर दोघं मुरुडला गेली तेव्हा गावानं सभा भरवून बहिष्कार घातला. कर्व्यांच्या पंगतीला कोणी बसायचं नाही, आणि घरच्यांनी त्यांना घरात घेतलं तर घरच्यांवरही बहिष्कार. आई, भाऊ, बहीण यांना आपल्याच माणसाला उंबऱ्याबाहेर ठेवावं लागलं. अण्णांनी ते निमूट सोसलं. बायांनीही सोसलं, पण त्यांच्या सोसण्याचा हिशेब वेगळा होता. तो हिशेब नीट मांडल्याशिवाय पुढचा राग समजत नाही.

बायकांच्या हातात काय असतं हे आपण आधी बघतो, म्हणून मीही तेच बघते. बायांचं पहिलं सासर तुटलं. नुसतं नात्यानं नाही, कायद्यानंही. १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्यानं विधवेला लग्नाची मोकळीक दिली खरी, पण त्याच कायद्यात असंही होतं की पुन्हा लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मिळकतीवरचा तिचा हक्क संपला. म्हणजे एका हातानं दिलं आणि दुसऱ्या हातानं काढून घेतलं. दुसरं सासर मुरुडचं, तिथे गावानं दार बंद केलेलं. माहेर देवरुखचं, तेही जातीच्या धाकाखाली. हिंदू विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत मुलाच्या बरोबरीनं वाटा देणारा कायदा यायला १९३७ साल उजाडायचं होतं, आणि तो वाटाही फक्त हयातीपुरता. उद्या अण्णांचं काही बरंवाईट झालं तर या बाईनं पोरांना घेऊन जायचं कुठे? एकदा वैधव्य भोगलेल्या बाईला हा प्रश्न पुस्तकी वाटत नाही. तिनं तो भोगलेला असतो.

१८९६ च्या जूनमध्ये अण्णांनी अनाथ बालिकाश्रम सुरू केला. सुरुवात पुण्यातच झाली, मग रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन दिली आणि १९०० मध्ये तिथे एक साधी झोपडी उभी राहिली. ती आजही कर्वेनगरात जपून ठेवलेली आहे. जमली तर बघून या, मुलींना दाखवा. अण्णा कॉलेज संपवून संध्याकाळी पायी हिंगण्याला जायचे, आश्रमातल्या मुलींना शिकवायचे, रात्री तिथे राहून सकाळी पुन्हा कॉलेजला. पाऊस असो, चिखल असो. पिशवीत आश्रमाचं सामान. वाटेत लोक टिंगल करायचे ती वेगळीच.

आश्रमाला पैसा हवा होता. ७५ रुपये पगाराचा मास्तर देऊन देऊन किती देणार? जे काही साठवलेलं होतं ते आश्रमाकडे गेलंच. पण साठवलेलं थोडंच होतं. मग अण्णांनी आपली पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसी आश्रमाच्या नावे करून दिली.

इथे जरा थांबते, कारण विमा ही गोष्ट तेव्हा आजच्यासारखी घरोघरची नव्हती. मुंबईत बॉम्बे म्युच्युअल १८७० मध्ये निघाली आणि ओरिएंटल १८७४ मध्ये. त्याआधी विलायती कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवायच्याच नाहीत, आणि उतरवलाच तर गोऱ्या माणसापेक्षा जास्त हप्ता लावायच्या. आपल्या माणसांच्या आयुष्याला तेवढीच किंमत द्यायची सुरुवात या देशी कंपन्यांनी केली. नोकरदार, वकील, मास्तर अशी शिकलेली मंडळी हळूहळू विमा घेऊ लागली. पण घरातल्या बायकांच्या दृष्टीनं विमा म्हणजे अभद्रच. नवऱ्याच्या मरणावर पैसे मिळणार, हे बोलायचं तरी कसं! आमच्या बचत गटातल्या बायका आजही एजंट आला की आधी म्हणतात, ते मरणाचं नका बोलू, किती वर्षांनी परत मिळतील ते सांगा.

आता पाच हजार म्हणजे किती ते बघा. महिना ७५ च्या पगारात पाच वर्षं आणि सहा-सात महिने एक पैही खर्च न करता साठवले, तर पाच हजार होतात. म्हणजे मास्तरांनी आयुष्यात कधी एकरकमी हातात धरली नसती अशी ही रक्कम. विम्याची हीच तर गंमत आहे. दर वर्षी थोडाथोडा हप्ता भरायचा आणि मागे एक मोठी रक्कम उभी करायची. श्रीमंत माणूस जमीन देतो, वाडा देतो. पगारदार माणसाकडे द्यायला एवढी मोठी वस्तू एकच, स्वतःचं मरण. अण्णांनी ते दिलं. गणिताच्या प्राध्यापकाला हे गणित अवघड नव्हतं.

पण ती रक्कम खरी कोणाची होती? कागदावर अण्णांची. हप्ते त्यांच्या पगारातून गेलेले. ज्याची पॉलिसी, त्यानं ती कोणालाही करून द्यावी, कायद्याची काही आडकाठी नव्हती. आणि तरी, प्रत्येक हप्त्याचे रुपये घरखर्चातून वजा झालेले असतात, तेव्हा काटकसर कोण करतं? त्या घरात पैपाहुणा, शिकायला आलेली मुलं, आश्रयाला आलेल्या विधवा अशी माणसं सतत असायची. त्यांचं रांधणं-वाढणं बायाच करत होत्या. पॉलिसीवर बायांची सही नव्हती, पण तिच्यात त्यांचे कष्ट होते.

बाया चिडल्या. त्यांनी नवऱ्याचा हा निर्णय मुकाट्यानं गिळला नाही, घरात खटके उडाले. पुढे त्यांनी आपल्या आठवणी सांगितल्या, त्या ‘माझे पुराण’ या नावानं आल्या, आणि त्यांत त्यांनी आपला राग लपवलेला नाही. मला त्या पुस्तकाचं हेच अप्रूप वाटतं. महापुरुषाची बायको म्हटलं की आपण तिला समईसारखी शांत तेवत ठेवतो. बाया तशा नव्हत्या. त्या भांडल्या, रागावल्या आणि तरी त्याच संसारात पाय रोवून उभ्या राहिल्या.

त्यांचा राग पैशाच्या लोभाचा होता असं म्हणणारी माणसं तेव्हाही असतील. पण आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. ज्या आश्रमाला ही पॉलिसी गेली, तो विधवांसाठी होता. सनातनी घरांनी आपल्या विधवा मुली तिथे शिकायला पाठवाव्यात म्हणून अण्णांनी आश्रम आणि पुनर्विवाह या दोन गोष्टी कटाक्षानं वेगळ्या ठेवल्या होत्या. त्यामुळे पुनर्विवाह केलेल्या बायांना आश्रमात मोकळेपणानं वावरता येत नव्हतं. पंक्तीला बसता येत नव्हतं. नवरा हिंगण्याला आणि बायको-मुलं पुण्यात, अशी वर्षंच्या वर्षं गेली. म्हणजे बघा, बाया पुन्हा विधवा झाल्या असत्या तर नवऱ्याच्या विम्याचे पैसे ज्या विधवांच्या आश्रमाला मिळाले असते, त्या आश्रमात त्या स्वतः सरळ जाऊ शकल्या असत्या की नाही हाच प्रश्न! त्यांच्या धाकट्या बहिणीला, पार्वतीबाई आठवल्यांना, तिथे मानाचं स्थान होतं, कारण त्या विधवाच राहिल्या. आश्रमासाठी पार्वतीबाई पुढे थेट अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. एकाच घरातल्या दोन बहिणी, दोघी विधवा झालेल्या. एक आश्रमाची आधारस्तंभ आणि दुसरी दाराशी.

अण्णांचं म्हणणंही समजून घ्यायला हवं. त्यांना बायका-मुलांची माया नव्हती असं अजिबात नाही. पण मुलांना इस्टेट ठेवायची असते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. शिक्षण द्यायचं, मग ज्यानं त्यानं आपल्या पायावर उभं राहायचं. ते स्वतः असेच उभे राहिले होते. फर्ग्युसनमध्ये पगार ठरलेला, नोकरी वीस वर्षांची, पुढे निवृत्तिवेतन. घर उघड्यावर पडणार नाही एवढी खात्री त्यांना वाटत होती. त्यांना दिसत होत्या त्या केशवपन केलेल्या बारा-पंधरा वर्षांच्या मुली. त्यांच्यामागे ना पगार, ना कोणी कर्ता. या दोन पारड्यांत त्यांनी रक्कम टाकली ती त्या मुलींच्या पारड्यात.

चूक की बरोबर? मी पंधरा-सोळा वर्षं संस्थेत काम करते आहे आणि संस्थेला एकेका देणगीची किती वाट बघावी लागते ते मला माहीत आहे. म्हणून अण्णांपुढे हात जोडते. पण त्यांच्या जागी असलेल्या आजच्या एखाद्या कार्यकर्त्यानं मला विचारलं तर मी त्याला आधी घरी जाऊन बायकोशी बोलून ये म्हणेन.

बाया रागावल्या पण हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. त्या नागपूरला जाऊन सुईणीचं शिक्षण घेऊन आल्या. लहान मूल असताना, परक्या गावात राहून, मोठेपणी सुरू झालेल्या शिक्षणाच्या जोरावर! त्या काळी बाळंतपणं अंधाऱ्या खोलीत अडाणी सुईणींच्या हातून व्हायची. शिकलेली सुईण म्हणजे केवढी गरज. बायांच्या दृष्टीनं त्याचा अर्थ सरळ होता. उद्या वेळ आलीच तर हातात कला आहे, चार घरी बाळंतपणं करून पोरं वाढवता येतील. अण्णांनी विम्याचा कागद दुसरीकडे दिला, बायांनी आपला विमा आपल्या हातांत उतरवला.

आणखी एक, या बाईचा स्वभाव असा की एकीकडे नवऱ्यावर राग आणि दुसरीकडे त्याच आश्रमासाठी झोळी. भेटेल त्याच्याकडे आश्रमासाठी मागायच्या. लग्नकार्यात, प्रवासात, ओळख असो-नसो. रुपया नाही तर आणा द्या. लोक त्यांना टाळायचेसुद्धा. मुलगा शंकर डॉक्टर होऊन आफ्रिकेत मोंबासाला स्थायिक झाला. १९३० नंतर अण्णांचा आफ्रिकेचा दौरा झाला, बायाही बरोबर होत्या. तिथल्या हिंदी मंडळींकडेही मागणं चालूच!

मुलांचं काय झालं, हे आया म्हणून आपल्याला विचारावंसं वाटतंच. रघुनाथ १८९९ मध्ये मॅट्रिकला पहिला आला. पुढे संततिनियमनाचा प्रचार करून त्यानं जन्मभर समाजाचा रोष ओढवून घेतला, ‘समाजस्वास्थ्य’ मासिक पदरचे पैसे घालून चालवलं. म्हणजे हाही वडिलांच्याच वळणावर गेला. शंकर मोंबासाला नावाजलेला डॉक्टर झाला, केनियाच्या विधिमंडळातही बसला. दिनकर रसायनशास्त्र शिकायला जर्मनीला गेला, फर्ग्युसनचा प्राचार्य झाला. इरावती कर्वे ही त्याची पत्नी. भास्कर हिंगण्याच्याच कामात राहिला, त्याची पत्नी कावेरी हिनं बायांच्या आठवणी पुस्तकरूपात आणल्या. पाच हजार रुपये न मिळाल्यानं कोणाचं अडलं नाही, असं आज आपण सहज म्हणू शकतो. पण हे आज कळतं. १८९६ मध्ये कडेवर पोर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ते कसं कळावं? तेव्हा पुण्यात प्लेग येऊ घातला होता. १८९७ मध्ये शहरात रोज किती धडधाकट माणसं पटापट गेली! अण्णा त्यातून वाचले हे सगळ्यांचं नशीब.

आणि वाचले म्हणजे किती! विमा कंपन्यांनी तेव्हा कोष्टकं मांडून माणसाचं आयुष्य धरलं असेल त्याच्या कितीतरी पुढे. १९०७ मध्ये महिला विद्यालय, १९०८ मध्ये निष्काम कर्ममठ, १९१६ मध्ये महिला विद्यापीठ. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसींनी आपल्या आईच्या, नाथीबाईंच्या नावानं विद्यापीठाला पंधरा लाख रुपये देऊ केले. पंधरा लाखांपुढे पाच हजार म्हणजे काहीच नाही. तरी ठाकरसी, गोखले अशी मंडळी विश्वासानं पैसे का देत होती? या माणसानं स्वतःचं काही मागे ठेवलेलं नाही हे सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक होतं म्हणून. मागणाऱ्यानं आधी आपली पिशवी उलटी करून दाखवली होती.

वसंत कानेटकरांनी १९७२ मध्ये ‘हिमालयाची सावली’ हे नाटक लिहिलं ते याच जोडप्यावरून सुचलेलं. त्यात नावं बदललेली आहेत, नानासाहेब भानू आणि बयो. डॉ. श्रीराम लागू आणि शांता जोग यांनी ते गाजवलं. घरचं सगळं संस्थेला देणारा नवरा आणि त्याच्याशी कडाकडा भांडणारी बायको पाहून प्रेक्षागृहातल्या बायका डोळे पुसत. प्रत्येकीला आपल्या घरातलं काहीतरी दिसत असणार.

आज हा पेच पडला तर काय करता येईल, हे सांगितल्याशिवाय माझं समाधान होणार नाही. १८७४ चा विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेचा एक कायदा आहे. त्याच्या सहाव्या कलमाप्रमाणे नवऱ्यानं बायको-मुलांच्या लाभासाठी म्हणून स्वतःवर पॉलिसी काढली, तर ती त्यांच्यासाठीचा विश्वस्तनिधी ठरते. नवऱ्याला ती पुढे स्वतःच्या मनानं दुसऱ्याला देता येत नाही, त्याच्या सावकारांनाही त्यावर साधारणपणे हात टाकता येत नाही. अण्णांनी पॉलिसी दिली तेव्हा कायदा होता, पण आपल्याकडच्या हिंदू कुटुंबांना तो निःसंशय लागू झाला १९२३ च्या दुरुस्तीनं. बायांना सत्तावीस वर्षं उशीर! यासाठी पॉलिसी काढतानाच अर्जात तसं नमूद करावं लागतं, नंतर करता येत नाही. आणि नुसतं नाव लावणं म्हणजे हे नव्हे. नॉमिनी आणि हे वेगळं. २०१५ च्या दुरुस्तीनंतर जोडीदार, मुलं, आई-वडील नॉमिनी असतील तर रक्कम त्यांची स्वतःची समजली जाते हे खरं, पण नॉमिनीचं नाव पॉलिसीवाला कधीही बदलू शकतो.

संस्थेला द्यायचं असेल तर अण्णांचाच मार्ग आजही आहे, पॉलिसी रीतसर संस्थेच्या नावे करून देणं, म्हणजे असाइनमेंट. कंपनीकडे नोंद करावी लागते. ज्यांना घर किंवा ठेवी संस्थेला द्यायच्या आहेत आणि मुलांनाही नाराज करायचं नाही, ते त्याच किमतीची पॉलिसी मुलांसाठी काढतात. किंवा उलटं, घर मुलांना आणि पॉलिसी संस्थेला. दोन पॉलिस्या, दोन पारडी. मात्र हे तरुणपणी सुचलं तर. साठीनंतर हप्ता इतका चढतो आणि तब्येतीच्या तपासण्या इतक्या निघतात की गणित बसत नाही. आणि हप्ते थकले की साधी मुदत पॉलिसी बंद पडते, मग मुलांच्या आणि संस्थेच्या, दोघांच्याही हाती काही नाही. म्हणून कोणालाही शब्द देण्याआधी हप्ता कुठून निघणार ते पाहा.

बायांना पुढे हिंगण्याला राहता आलं. ज्या आवारात एके काळी पंगतीला जागा नव्हती, तिथेच त्यांचं म्हातारपण गेलं. २९ नोव्हेंबर १९५० ला त्या गेल्या. विम्याच्या कागदावर आधी जाणार असं धरलेले अण्णा त्यांच्यामागे बारा वर्षं राहिले, १९६२ च्या नोव्हेंबरपर्यंत, वय एकशे चार. अण्णांच्या पश्चात आपलं कसं होईल, या ज्या एका काळजीनं बाया आयुष्यभर पोळल्या, ती वेळ त्यांच्यावर आलीच नाही. हिंगण्याची संस्था आता बाया कर्वे यांच्या नावानं स्त्रियांना पुरस्कार देते.